विजेची मोटार आणि घरची किल्ली

संसारी गृहस्थाच्या आयुष्यांत घराच्या खालोखाल मोठी खरेदी कोणती, असें विचारल्यास पुष्कळ कुटुंबांत आज मोटारीचेंच नांव निघेल. त्यांतही विजेवर चालणारी मोटार आतां नवलाची वस्तु राहिली नाहीं. पनवेलच्या रस्त्यांवर हिरव्या क्रमांकपट्टीच्या मोटारी रोज दिसतात. ती घेतांना एका चार्जिंगमध्यें किती किलोमीटर जाते, बॅटरी किती वर्षें टिकते, हे प्रश्न सगळे विचारतात. मात्र रात्रीं दाराशीं उभी केलेली मोटार सकाळीं तेथेंच असेल याची तजवीज काय, हें फारच थोडे विचारतात. तो विचार आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विजेची मोटार म्हणजे चोरांस आमंत्रण, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील विमा कंपन्यांच्या एका संशोधनसंस्थेनें २०२३ सालीं चोरीच्या दाव्यांवरून जी यादी प्रसिद्ध केली, तींत सर्वांत कमी चोरीस जाणाऱ्या मोटारींमध्यें टेस्ला कंपनीच्या विजेच्या मोटारी होत्या. त्या संस्थेनें सुचविलेलें कारण मननीय आहे. अशा मोटारी चार्जिंगच्या सोयीसाठीं बहुधा मालकाच्या गॅरेजमध्यें किंवा घराला लागून उभ्या असतात. म्हणजे तिकडे मोटारीचें रक्षण यंत्रानें केलें त्यापेक्षां जागेनें अधिक केलें.

आमच्याकडे उणीव आहे ती नेमकी जागेचीच. जुन्या पनवेलच्या गल्ल्या मोटारींचा काळ येण्यापूर्वींच्या. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठें येथील कित्येक इमारतींत बिऱ्हाडें पुष्कळ आणि मोटारी ठेवण्यास जागा थोडी. नोकरदार मनुष्य सकाळीं स्टेशनाजवळ मोटार ठेवून मुंबईची लोकल पकडतो, तो दिवेलागणीनंतर परततो. मधल्या वेळांत तिच्याकडे पाहणारें कोणी नसतें. शिवाय पनवेल हें नाक्याचें गांव. कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगति मार्ग, पळस्प्याहून गोव्याचा महामार्ग, आणि उरणच्या बाजूस २०२४ सालीं खुला झालेला अटल सेतु. चोरी लक्षांत येईपर्यंत मोटार कोणत्या दिशेस गेली हें सांगणें कठीण. त्यांत विजेच्या मोटारीस इंजिनाची घरघर नाहीं. ती निःशब्दपणें निघून गेली तर उशाशीं झोपलेल्यासही जाग यावयाची नाहीं.

आतां कुलूप उघडतें कसें तें पाहूं. पुष्कळ नव्या मोटारींची किल्ली, मग मोटार विजेची असो वा पेट्रोलची, मालकाच्या खिशांतच राहते. तो जवळ आला कीं दार उघडतें व कळ दाबतांच मोटार सुरू होते. हें घडतें तें दोहोंमधील बिनतारी संकेतांनीं. चोरटे येतात ते दोघे. एक जण घराच्या दाराशीं उभा राहून आपल्या यंत्रानें मोटारीचा संकेत आंतल्या किल्लीपर्यंत पोंचवितो आणि किल्लीचें उत्तर मोटारीजवळच्या साथीदाराकडे धाडतो. मोटारीस वाटतें, धनी शेजारींच उभा आहे. जर्मनींतील ‘आडाक’ ह्या मोटारमालकांच्या संस्थेनें बिनकिल्लीच्या शेंकडों मोटारी तपासल्या. त्यांतील बहुसंख्य या युक्तीस फसल्या. २०२२ सालीं तर संकेत पुढें धाडण्याच्या याच रीतीनें टेस्लाचीही मोटार संशोधकांनीं उघडून दाखविली.

म्हणून पहिला नियम असा कीं, किल्ली दाराजवळच्या खुंटीस टांगूं नये. ती आंतल्या खोलींत, संकेत अडविणाऱ्या पिशवींत किंवा घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत ठेवावी. डबा कामाचा आहे कीं नाहीं हें पाहण्याची रीत सोपी आहे. किल्लीसह डबा हातांत घेऊन मोटारीजवळ जावें. दार उघडलें तर तो डबा लाडवांसाठींच ठेवावा! दुसऱ्या किल्लीसही हाच नियम लागू. मोटारीबरोबर आलेली पुस्तिकाही एकदां नीट वाचावी. कांहीं मोटारींत ही बिनकिल्लीची सोय बंद करतां येते, तर कांहींत चालविण्यापूर्वीं गुप्त अंक मागण्याची योजना असते. तिचा अवश्य उपयोग करावा.

दुसरी वाट चालकाच्या पायांजवळील तपासणीच्या खोबणींतून जाते. कांच फोडून आंत शिरलेला चोर तेथें यंत्र जोडून नवी किल्ली तयार करूं शकतो. त्या खोबणीस कुलूप बसवितां येतें. आणि सुकाणूच्या चक्रास लावण्याचा लोखंडी दांडा जुन्या पद्धतीचा असला तरी चोराचा वेळ खातो. चोरास वेळ हीच सर्वांत महाग वस्तु.

तिसरी किल्ली म्हणजे मोबाइल. ज्या ॲपनें मोटार कोठें आहे हें कळतें, त्यानेंच कित्येकदां तिचें दारही उघडतें. त्याचा गुप्त शब्द व फोनवर येणारा ओटीपी कोणासही सांगूं नये. जुनी मोटार विकत घेतांना आधींच्या मालकाचें नांव ॲपमधून काढलें आहे, दोन्ही किल्ल्या हातीं आल्या आहेत आणि यापूर्वीं नोंदलेल्या इतर किल्ल्या रद्द झाल्या आहेत, याची खात्री करून घ्यावी. ज्यांच्या घरीं विजेची स्कूटर आहे व तिची बॅटरी निघणारी आहे, त्यांनीं ती रात्रीं घरांतच आणावी.

इतकें करूनही प्रसंग ओढवला तर घाबरून जाऊं नये. प्रथम ११२ क्रमांकावर कळवावें आणि ॲपमध्यें दिसणारें ठिकाण पोलिसांस सांगावें. स्वतः पाठलाग करूं नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गानेंही देतां येते. मात्र तीन दिवसांच्या आंत तीवर सही करावी लागते. त्याच दिवशीं विमा कंपनीस व परिवहन कार्यालयास लेखी कळवावें. विमा कंपनीस कळविण्यास विलंब झाला एवढ्याच कारणानें खरा दावा फेटाळतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यांत म्हटलें आहे. परंतु त्या निकालांतही पोलिसांकडे फिर्याद तात्काळ झालेली होती, हें विसरूं नये.

विम्यासंबंधीं आणखी दोन गोष्टी. केवळ त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा असेल तर चोरीचा एक पैसाही मिळत नाहीं. मोटारीचा स्वतःचा विमा हवा. आणि दाव्याच्या वेळीं कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. कपाटाच्या कोणत्या खणांत आहे हें कोणासच ठाऊक नसलेली दुसरी किल्ली त्या दिवशीं वर्षानुवर्षांच्या बचतीइतकी मोलाची ठरते.

आमच्या घरांत दागिन्यांच्या कपाटाची किल्ली कोठें असते हें गृहिणीस झोपेंतही सांगतां येतें. मोटारीच्या दोन्ही किल्ल्यांस तोच मान मिळावा, आणि हें काम एकट्या पुरुषाचें न मानतां घरांतील सर्वांनीं समजून घ्यावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.