नोंदवहीची शिस्त आणि पुराव्याची कसोटी

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या डोंगरउतारांवर आढळणारा काजरा कडू आणि विषारी म्हणून गावकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्याच्या चपट्या, गोल बियांत स्ट्रिक्निन आणि ब्रुसिन ही तीव्र विषे असतात आणि याच बियांपासून होमिओपॅथीतले 'नक्स व्होमिका' हे प्रसिद्ध औषध तयार केले जाते. झाडावरची बी रुग्णाच्या जिभेवरची साखरगोळी होईपर्यंत जे टप्पे येतात, त्या प्रत्येक टप्प्यावर काय तपासले जाते आणि काय केवळ गृहीत धरले जाते, यावरच या पद्धतीच्या संशोधनाचे आणि व्यवसायाचे मापदंड ठरतात.

जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान यांनी १७९० साली हिवतापावर दिली जाणारी सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली आणि तिच्यामुळे हिवतापासारखीच लक्षणे उमटतात, असे नोंदवले. त्यावरून 'समानाने समानाचा उपचार' हे तत्त्व त्यांनी मांडले आणि १८१० साली 'ऑर्गेनॉन' या ग्रंथात त्याला पद्धतशीर रूप दिले. एका वेळी एकच औषध, कमीत कमी मात्रा आणि रोगाच्या नावापेक्षा रुग्णाच्या समग्र लक्षणांवरून केलेली निवड, हे दंडक पाळणाऱ्या परंपरेला क्लासिकल होमिओपॅथी म्हणतात. चार-पाच औषधे एकत्र केलेली टॉनिके आणि थेंब या परंपरेत बसत नाहीत, मग बाटलीवर होमिओपॅथीचे नाव असले तरीही.

पहिला प्रश्न औषधाच्या ओळखीचा असतो. त्वचारोगांसाठी एके काळी विकली जाणारी 'गोवा पावडर' गोव्यातल्या कोणत्याच झाडाची नव्हती. पोर्तुगीज व्यापारातून ती ब्राझीलहून येत असे आणि तिच्यातूनच मिळणारे क्रायसारोबिन पुढे होमिओपॅथीच्या औषधसंग्रहातही गेले. व्यापारी नावावर विसंबून चालत नाही हे अशा उदाहरणांतून कळते, म्हणूनच १९७१ साली भारतीय होमिओपॅथिक औषधकोशाचा पहिला खंड निघाला आणि मूळ द्रव्य कसे ओळखावे, त्याचा मूलार्क कसा करावा, याचे अधिकृत निकष त्यात ठरवले गेले. दुसरा प्रश्न 'प्रूव्हिंग'चा, म्हणजे निरोगी स्वयंसेवकांना औषध देऊन उमटणारी लक्षणे टिपण्याचा. हानेमान यांच्या काळात तुलनेसाठी कोऱ्या गोळ्या घेणारा गट नसे, त्यामुळे औषधाचा परिणाम आणि मनाची अपेक्षा यांची सरमिसळ होण्यास पुरेपूर वाव होता. १९७८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय होमिओपॅथी संशोधन परिषदेच्या आजच्या पद्धतीत कोणाला औषध मिळाले आणि कोणाला कोऱ्या गोळ्या, हे स्वयंसेवक व निरीक्षक दोघांपासून लपवून ठेवले जाते.

तरीही सर्वांत अवघड प्रश्न गणिताचा आहे. दर टप्प्याला एक भाग औषध आणि नव्याण्णव भाग द्रावक असे तीस वेळा करत गेले की तीस पोटेन्सी तयार होते. परंतु बाराव्या टप्प्यानंतरच मूळ द्रव्याचा एखादा रेणू शिल्लक असण्याची शक्यता नगण्य होते. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०१० साली धातूंपासून केलेल्या काही उच्च पोटेन्सीच्या औषधांत सूक्ष्म धातुकण आढळल्याचे प्रसिद्ध केले, मात्र कण सापडणे वेगळे आणि त्यांनी रोग बरा होणे वेगळे. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या तुलनात्मक विश्लेषणाने होमिओपॅथीचा परिणाम कोऱ्या गोळ्यांच्या परिणामाशी सुसंगत असल्याचा निष्कर्ष काढला आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली कोणत्याही आजारावर तिच्या परिणामाचा विश्वसनीय पुरावा नसल्याचे जाहीर केले. या पद्धतीवर श्रद्धा असणाऱ्यांनी हे निष्कर्ष टाळून पुढे जाणे म्हणजे मापदंडच सोडून देणे होय. चाचणी सुरू होण्यापूर्वीच ती नोंदवणे आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो छापणे, एवढे तरी काटेकोरपणे व्हायला हवे, आणि २००७ पासून भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही त्यासाठी उपलब्ध आहे.

दवाखान्यातल्या नोंदीचा विचार महाराष्ट्रात सर्वांत गंभीरपणे केला तो मुंबईचे डॉ. एम. एल. धवले यांनी. १९६७ साली त्यांचा होमिओपॅथीच्या तत्त्वांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने पुढे पालघरला रुग्णालय व शिक्षणसंस्था उभारली. त्यांनी रूढ केलेल्या प्रमाणित केसपेपरात प्रत्येक तक्रारीचे स्थान, संवेदना, ती कशाने वाढते वा कमी होते आणि सोबतची लक्षणे, असे स्वतंत्र रकाने असतात. या रकान्यांचे मोल डिचोलीच्या खाणपट्ट्यात चटकन कळते. तिथल्या एखाद्या रुग्णाचा जुना खोकला मे महिन्यात औषध सुरू केल्यावर जुलैत कमी झाला, तर श्रेय गोळीला दिले जाईल; पण पावसाळ्यात खनिजाचे उत्खनन आणि ट्रकांची ये-जा थांबते, लाल धूळ खाली बसते आणि खोकला तसाही उतरू शकतो. घर रस्त्यापासून किती दूर, काम कोणते, धूळ कधी थांबली आणि दुसरी कोणती औषधे चालू होती, हे लिहून ठेवलेले नसेल, तर ते उदाहरण कितीही मनोभावे सांगितले तरी संशोधनाच्या उपयोगी पडत नाही.

क्लासिकल परंपरेचे स्वतःचे नियमही घाईत मोडले जातात. साथीच्या रोगात अनेक रुग्णांची लक्षणे एकत्र पाहून मगच साथीचे औषध ठरवावे, अशी 'ऑर्गेनॉन'ची शिकवण आहे; आयुष मंत्रालयाने मात्र आर्सेनिकम अल्बम ३० प्रतिबंधासाठी सुचवले ते २९ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे भारतात कोविडचा पहिला रुग्ण निश्चित होण्याच्या आदल्या दिवशी. इथे आधुनिक विज्ञानाची कसोटी तर सोडाच, हानेमान यांची कसोटीही लागली नव्हती.

गोव्यात शिरोड्याला होमिओपॅथीचे महाविद्यालय आहे, तर पेडण्याच्या धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र सुरू झाले. या दोन्ही ठिकाणांनी आधुनिक वैद्यकातील तज्ज्ञांना बरोबर घेऊन नियंत्रित चाचण्या हाती घेतल्या, तर उत्तर अनुकूल येवो वा प्रतिकूल, गोमंतकीयांना ते आपल्याच रुग्णांवरून मिळेल. व्यवसायाची मर्यादा मात्र आजच स्पष्ट आहे: अधिकार नसताना ॲलोपॅथीची औषधे देणाऱ्या होमिओपॅथला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मुंबईच्या एका प्रकरणात निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले. हिवताप, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात डोके वर काढतात त्या या भागात ताप आलेल्या रुग्णाची रक्ततपासणी लांबवणे हा त्याहून कमी दोष नाही.

म्हणून पेडणे-डिचोलीतल्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरकडे औषधाचे नाव आणि पोटेन्सी लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी, मधुमेहाची वा रक्तदाबाची चालू औषधे कोणाच्याही शब्दावरून परस्पर बंद करू नयेत आणि ताप असल्यास त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.