सिग्नल हॉलमध्ये, आपण स्वयंपाकघरात!

‘नेट गेलं!’ ही आरोळी आता ‘पाणी गेलं!’ इतकीच घरोघरी ओळखीची झालीय. लॅपटॉपच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं की प्रत्येकाचं निदान ठरलेलं. मुलगा म्हणतो, लॅपटॉप जुना झालाय. ‘अहो’ म्हणतात, कंपनीच भिकार आहे. आणि सासूबाईंच्या मते तुम्हीच काहीतरी भलतं दाबलंत! मग नव्या लॅपटॉपच्या किमतींची चौकशी सुरू होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

आमच्या मंडळाच्या कामानिमित्त मुलुंड-घाटकोपर भागात घरून काम करणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. कुणी शिकवण्या घेतं, कुणी दुकानांचे हिशेब लिहून देतं, कुणी ऑफिसचं काम करतं. २०२०च्या टाळेबंदीत यातल्या अनेकींच्या घरी पहिल्यांदा वायफाय आलं. मुलुंडच्या एक ताई गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेतात. ‘मॅडम, तुमचा आवाज तुटतो’ म्हणत दोन पालकांनी मुलं काढून घेतली. महिन्याच्या मिळकतीला चाट बसली, आणि खापर फुटलं लॅपटॉपवर.

त्यांच्या घरात नजर फिरवली तर गोष्ट स्पष्ट दिसत होती. राऊटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे, शोकेसच्या कप्प्यात. ताई बसायच्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि मायक्रोवेव्हच्या मधल्या फोल्डिंग टेबलावर. मध्ये दोन भिंती, बाथरूम आणि पॅसेजमधलं लोखंडी कपाट. हॉलमध्ये क्रिकेट बघणाऱ्यांना सिग्नल पूर्ण, आणि जिची कमाई त्यावर अवलंबून तिला उरलंसुरलं! जेवणाच्या पंगतीत शेवटी बसायची सवय आपल्याला आहेच. सिग्नलच्या पंगतीतही तेच.

मैत्रिणींनो, वायफाय म्हणजे शेवटी रेडिओलहरीच. लाकडी दारातून त्या सहज जातात, विटांच्या भिंतीत थोड्या दमतात, सळ्यांच्या काँक्रीटमध्ये बऱ्याच आणि लोखंडी कपाटापुढे तर हात टेकतात. आरसा, पाण्याची टाकी, मोठा फिशटँक हेही त्यांचे वैरीच. मायक्रोवेव्हची तर वेगळीच तऱ्हा. जुन्या पद्धतीचं वायफाय चालतं २.४ गिगाहर्ट्‌झवर आणि घरातला मायक्रोवेव्हही साधारण त्याच लहरींवर भाजी गरम करतो. त्यामुळे बरोब्बर जेवणाच्या वेळी नेट अडखळतं. मग घरचे म्हणतात, ‘तू स्वयंपाकघरात गेलीस की नेट जातं’... आणि गंमत म्हणजे ते खरंही असतं!

आता दोष कुठे आहे ते शोधायचं कसं? आपण डाळीत किडा शोधतो तसंच, एकेक बाजूला करत. आधी लॅपटॉप उचलून राऊटरच्या शेजारी नेऊन बसा. तिथे नेट नीट चाललं तर लॅपटॉपही चांगला आणि कंपनीही चांगली. भांडण फक्त भिंतींशी आहे. तिथेही रडत असेल तर राऊटरपासून लॅपटॉपला थेट केबल लावा. (पातळ लॅपटॉपला ते भोकच नसतं, त्यासाठी दुकानात छोटा जोड मिळतो.) केबलनेही चालत नसेल तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा कंपनीला फोन करावा. पण केबलने छान चालतं, घरातल्या फोनवर वायफायही छान आणि फक्त लॅपटॉपच रुसलाय, तर मात्र लॅपटॉपकडे वळायचं. फोनवर तपासताना त्याचा मोबाइल डेटा आठवणीने बंद करा हं! नाहीतर फोन गुपचूप डेटावर चालतो आणि आपण वायफायची पाठ थोपटत बसतो.

लॅपटॉपच्या कुरबुरी बहुतेक साध्याच असतात. कुणाच्या तरी बोटाने विमानाचं चित्र असलेलं बटण दाबलं गेलेलं असतं. कधी जुना पासवर्ड डोक्यात धरून तो अडून बसतो. तेव्हा वायफायच्या यादीत आपल्या नावावर जाऊन ‘फर्गेट’ करायचं आणि पासवर्ड घालून नव्याने जोडायचं. चार्जर काढला की नेट मंदावत असेल, तर बॅटरी वाचवण्याचं सेटिंग आड येतंय का ते बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफायची अँटेना पडद्याच्या कडेने बसवलेली असते, त्यामुळे लॅपटॉप नुसता वळवून ठेवला तरी कधी कधी फरक पडतो. यूएसबीला हार्डडिस्क अगदी लगत लावली असेल तर ती काढून बघा, तिचाही त्रास होतो. एवढं करूनही ढिम्म, तर ‘ड्रायव्हर’ नव्याने घालायला दुकानदाराला सांगा. आतलं वायफायचं कार्ड मेलंच असेल तर यूएसबीला लावायची छोटी वायफाय पट्टी काही शेकड्यांत येते. त्यासाठी अख्खा लॅपटॉप बदलायची गरज नसते.

आमच्या उपनगरांत आणखी एक डोकेदुखी म्हणजे गर्दी. बोरिवलीच्या एखाद्या सात मजली इमारतीत वायफायची यादी उघडा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं सहज दिसतील. २.४च्या रस्त्यावर एकमेकांना न घासता चालणाऱ्या गल्ल्या तीनच: १, ६ आणि ११. सगळे एकाच गल्लीत शिरले की विरारची लोकल! राऊटरमध्ये ‘५ गिगाहर्ट्‌झ’चा पट्टा असेल तर तो वापरा. तिथे जागा ऐसपैस आणि वेगही जास्त, पण भिंत ओलांडायला तो आळशी, त्यामुळे एकाच खोलीत उत्तम. नावापुढे ‘फाइव्ह-जी’ दिसलं म्हणून त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध जोडू नका, ती दोन वेगळी प्रकरणं आहेत. तुमच्याकडे गावात घरं सुटी सुटी असतील तर ही गर्दी तुम्हाला नाही. भिंती मात्र जाड असतील!

नेट अचानक मंदावलं, तर आपल्या पासवर्डवर आणखी कोण जेवतंय हेही पाहावं. शेजारधर्म म्हणून साखर द्यावी, पण पासवर्ड देताना विचार करावा. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायपर्यंत लागला होता. पुढचे ई-मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. परक्यांनी त्यांचं जाळं वापरलं आणि पोलीस आले यांच्या दारात. २००९च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी बिनपासवर्डाची वायफाय शोधण्याची मोहीमच जाहीर केली होती. तेव्हा पासवर्ड चांगला लांब ठेवा आणि कामवाल्यापासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झाला असेल तर बदलून टाका.

एक सावधगिरीची गोष्ट. राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं वेगळं आणि मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसणं वेगळं. पहिल्याने तो ताजातवाना होतो, दुसऱ्याने सगळं विसरून कोरा होतो. मग तंत्रज्ञ येईपर्यंत हात चोळत बसायचं. राऊटरवर लाल दिवा लागला असेल तर बहुतेक वेळा बाहेरूनच लाइन तुटलेली असते. पावसाळ्यात गच्चीवरून लोंबणाऱ्या वायरींचं जे होतं तेच. तेव्हा तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. दाद लागलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आपल्या मुलुंडच्या ताईंनी काय केलं? राऊटर कप्प्यातून बाहेर काढून पॅसेजच्या तोंडाशी, उंचावर लावून घेतला आणि टेबल मायक्रोवेव्हपासून हलवलं. खर्च थोड्या केबलचा आणि दोन खिळ्यांचा. वर्ग आता सलग चालतात. फायबरची वायर मात्र त्यांनी तंत्रज्ञाकडूनच हलवून घेतली, कारण तिच्यात काचेचा तंतू असतो आणि मुडपली की संपली. दुरून सिग्नल पोहोचवणारा ‘एक्स्टेंडर’ही मिळतो. पण तो नेट न येणाऱ्या खोलीत लावून उपयोग नाही. राऊटर आणि ती खोली यांच्या मधोमध, जिथे सिग्नल अजून धड आहे तिथे लावायचा.

तुमच्याकडे नवीन कनेक्शन यायचं असेल तर त्या दिवशी जरा कामं बाजूला ठेवून घरात थांबा. जोडणीवाला येतो, टीव्हीकडे बघतो आणि ड्रिल मशीन काढतो. भिंतीला भोक पडायच्या आधी त्याला आपल्या कामाची जागा दाखवा आणि सांगा, ‘दादा, मी इथे बसते. त्या हिशेबाने लावा.’