‘नुसता ओरखडाच तर आहे!’

पाऊस उघडला की बीडच्या सायकलवाल्यांना रविवारी घरात बसवत नाही. तुमच्याही ग्रुपवर शनिवारी रात्री मेसेज पडत असेलच : ‘उद्या सकाळी सहा, मांजरसुंबा, तिथून कपिलधार.’ गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं असेच निघालो. जाताना सगळं मस्त. बालाघाटचे डोंगर हिरवेगार, धबधबा, भजी, फोटो. येताना एकाच्या डोक्यात आलं, डांबरी सोडू आणि मुरमाच्या कच्च्या वाटेनं उतरू. सायकली ‘एमटीबी’ आहेत ना आपल्या!

मुरमाच्या उतारावर घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला की काय होतं? चाक थांबतं, तुम्ही थांबत नाही. आमचा मित्र (नाव छापू नको म्हणालाय, घरी त्यानं अर्धीच गोष्ट सांगितलीय) हँडलवरून पलीकडे गेला आणि उजव्या कानाच्या वरच्या बाजूनं दगडावर आपटला. लगेच उठला पण. पँट झटकली, हेल्मेट काढून फिरवून बघितलं आणि म्हणाला, ‘काय नाही झालं रे, नुसता ओरखडाच तर आहे!’ आम्ही हसलो, साखळी चढवली. पाच मिनिटांनी त्यानं विचारलं, ‘आपण इथं कशाला आलोत?’ सांगितलं. परत तेच विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा आमचं हसू थांबलं.

दवाखान्यात सीटी स्कॅन झालं. रक्तस्राव नव्हता, नशीब. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, म्हणजे ‘कन्कशन’. मडकं शाबूत राहतं, पण आतलं दही हिंदकळून फुटतं ना, तसंच काहीसं. पुढचे दोन आठवडे त्याला मोबाईलचा उजेड सहन होत नव्हता, पुस्तकाचं एक पान वाचलं की डोकं ठणकायचं. सबमिशन कुणी केलं ते विचारू नका.

आता जरा गंभीर व्हा. पडलेला माणूस उठून चालायला लागला म्हणजे सुटलो, असं नसतं. कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साठत असेल, तर माणूस काही वेळ, कधी काही तास, अगदी नीट बोलतो आणि मग कोसळतो. म्हणून त्या दिवशी त्याला खोलीवर एकटं सोडायचं नाही. सारखी उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, न उतरणारी गुंगी, बरळणं, झटका, कानातून किंवा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येणं, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, यातलं एकही दिसलं तर १०८ लावा. ‘घरी कळेल’ हा विषय नंतर.

आणि हेल्मेट? ते आतून बघितलंय कधी? आत थर्माकोलच असतो. २०१८ मध्ये राज्यात बंदी येण्याआधी गणपतीच्या मखराला वापरायचो ना, त्याचाच जास्त घट्ट भाऊ. त्याच्यावर अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि परत वर येत नाही, आठवतंय? हेल्मेटचं सगळं काम त्या खड्ड्यात आहे. डोकं दगडावर आपटताना थर्माकोल चिरडतो, डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्तीचे मिळतात आणि मार सौम्य होतो. पण एकदा चिरडला की त्या जागेचा जीव संपला. दुसऱ्यांदा तिथंच आपटलात तर मध्ये फक्त प्लॅस्टिकचं टरफल!

गंमत म्हणजे (गंमत कसली!) हे बाहेरून दिसत नाही. आतल्या गाद्या काढा आणि उजेडात धरा. केसाएवढी भेग, दबून चकचकीत झालेला भाग, टरफल आणि थर्माकोल सुटलेले, यातलं काही दिसलं तर हेल्मेट बाद. काही दिसलं नाही, पण डोकं जोरात आपटलं होतं, तरी बादच.

नवीन घेताना आतलं लेबल वाचा. सायकलच्या हेल्मेटवर ‘ईएन १०७८’ हे युरोपचं किंवा ‘सीपीएससी’ हे अमेरिकेचं मानक लिहिलेलं असतं. युरोपच्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटरवरून सपाट लोखंडावर आपटतात, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगानं. हा हिशोब तुमच्या पडण्याचा आहे, गाडीच्या धडकेचा नाही. ‘इंटेल इंडिया’चे माजी प्रमुख अवतार सैनी २८ फेब्रुवारी २०२४ ला नवी मुंबईत पाम बीच रोडवर सायकल चालवत होते, डोक्यावर हेल्मेट होतं. मागून टॅक्सीनं उडवलं आणि ते गेले. त्यामुळे धुळे–सोलापूर हायवेवर हेल्मेटच्या भरवशावर ट्रकशी बरोबरी करायला जाऊ नका.

सायकलवाल्याला हेल्मेटची सक्ती आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही, ती मोटारसायकलला. मोठमोठ्या शर्यतींतही ती उशिरा आली. १९९१ मध्ये ‘पॅरिस–नीस’ शर्यतीत सायकलपटूंनी सक्तीविरुद्ध चक्क संप केला आणि नियम गुंडाळावा लागला. १९९५ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये ऑलिंपिक सुवर्णविजेता फाबियो कासार्तेली डोंगरउतारावर पडला आणि गेला. डोक्यावर काही नव्हतं. तरी नियम बदलला नाही. २००३ मध्ये पुन्हा त्याच ‘पॅरिस–नीस’मध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव गेला, तेव्हा कुठे त्या मे महिन्यात सक्ती झाली.

आपल्याकडे तर लोक सायकलचं हेल्मेट बघून हसतात. ‘चंद्रावर चाललास का?’ हे मी बीडच्या रस्त्यावर स्वतः ऐकलंय.

पण आमच्या मित्राच्या हेल्मेटची गोष्ट राहिलीच. महिन्याभरानं मी त्याच्या घरी गेले, तर त्याचा नववीतला मावसभाऊ तेच हेल्मेट घालून अंगणात सायकल फिरवत होता. ‘भारीतलं आहे, फेकायचं कशाला, म्हणून दिलं त्याला,’ मित्र म्हणाला. मी ते मागून घेतलं, उजव्या बाजूची गादी काढली. काठापासून वरपर्यंत भेग. नखानं जरा ढकललं तर दोन्ही कडा वेगळ्या झाल्या. मित्र बराच वेळ काही बोललाच नाही. मग आत जाऊन कात्री घेऊन आला आणि हेल्मेटचे पट्टे कापून टाकले, परत कुणी घालू नये म्हणून.

नवीन हेल्मेटसाठी आम्ही तिघांनी पैसे काढलेत. पण ते हिरव्या रंगाचं नाही, म्हणून मावसभाऊ माझ्याशी अजून बोलत नाही.