धमन्यांची थकबाकी

मधुमेहाचे निदान झाले की घरातील सर्वांचे लक्ष उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेच्या आकड्यांवर खिळते. परंतु या व्याधीत जिवावर बेतते ते बहुधा हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत, आणि म्हणून रक्तातील साखर आटोक्यात आणल्याने धमनी वाचते काय, व वाचत असल्यास केव्हा, हा प्रश्न वैद्यकाला दीर्घकाळ छळत आला आहे.

धमनीच्या आतील अंगास अवघ्या एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. ते निव्वळ गुळगुळीत आच्छादन होय, अशी पूर्वी समजूत होती. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करून दाखविले की, अस्तर शाबूत असलेली पट्टी ॲसिटिलकोलीन हे द्रव्य मिळताच सैल पडते, आणि तेच अस्तर घासले गेले की सैल पडण्याचे तिचे सामर्थ्य लोपते. अस्तराकडून स्नायूंस मिळणारी ती आज्ञा म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे पुढे निश्चित झाले. वाढलेली साखर या वायूचा पुरवठा घटविते. शिवाय ती प्रथिनांना चिकटते. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर त्या पेशीबरोबर सुमारे १२० दिवसांत निकालात निघते, आणि म्हणूनच एचबीए१सी या तपासणीत मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब उमटतो. मात्र धमनीच्या भिंतीतील कोलॅजेन वर्षानुवर्षे टिकत असल्यामुळे त्यावर बसलेले साखरेचे बंध महसुलाच्या थकबाकीसारखे साचत जातात आणि भिंत ताठर होते.

ब्रिटनमध्ये १९७७ साली रॉबर्ट टर्नर व रूरी होल्मन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या चाचणीत नुकतेच निदान झालेले ५,१०२ रुग्ण दाखल करून घेण्यात आले. १९९८ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा कसोशीने उपचार झालेल्यांची एचबीए१सी ७.० आणि इतरांची ७.९ टक्के होती. डोळे व मूत्रपिंड यांच्या सूक्ष्म वाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले होते, पण हृदयविकाराचे झटके १६ टक्क्यांनीच कमी झाले, आणि तेही योगायोगाची शंका पुरती फिटू नये इतपतच. चाचणी संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही पुढील दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर २००८ मध्ये आढळले की, आरंभी ज्यांची साखर आटोक्यात होती त्यांना झटके निःसंशय कमी येत होते. स्थूल रुग्णांपैकी ज्यांना आरंभी मेटफॉर्मिन मिळाले होते, त्यांच्यात तर ही घट ३३ टक्के भरली. माझ्या मते मधुमेहाच्या अभ्यासातील ही सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

त्याच वर्षी अमेरिका व कॅनडातील ॲकॉर्ड या चाचणीने नाण्याची दुसरी बाजू दाखविली. तेथील १०,२५१ रुग्ण सरासरी ६२ वर्षांचे, सुमारे दहा वर्षांचे जुने मधुमेही, आणि त्यांतील एकतृतीयांशाहून अधिकांना हृदय वा रक्तवाहिन्यांच्या विकाराचा तडाखा आधीच बसलेला. त्यांतील एका गटाची एचबीए१सी ६ टक्क्यांखाली आणण्याचा हट्ट धरला असता त्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २०३. अखेर हे कठोर उपचार मुदतीपूर्वी तहकूब करावे लागले. उशिरा आणि जबरदस्तीने केलेली वसुली जिवावर उठू शकते, ती अशी.

म्हणून मला काळजी वाटते ती ऐन पस्तिशी-चाळिशीत निदान झालेल्यांची. कसलाच त्रास होत नाही, या सबबीवर ते औषध पुढे ढकलतात, आणि ज्या वर्षांत धमनीचे सर्वाधिक हित साधावयाचे ती वर्षे निसटतात. साखरेखेरीज रक्तदाबाकडेही तितकेच लक्ष हवे. यूकेपीडीएसमध्येच रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ वर राखल्याने पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटले होते. डेन्मार्कमधील स्टेनो केंद्रात १६० रुग्णांपैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि दिनचर्या या सर्वांवर एकाच वेळी सुमारे आठ वर्षे उपचार केले गेले. एकवीस वर्षांनंतर पाहता त्यांचे आयुष्य उरलेल्या निम्म्यांपेक्षा ७.९ वर्षांनी अधिक भरले.