पातळ पत्र्याची पर्लिन : वजन कमी, हिशेब जास्त



गोदाम असो की गोठा, छपराच्या पत्र्याखाली कैचीवर आडव्या टाकलेल्या लोखंडी पट्ट्यांना पर्लिन म्हणतात. पूर्वी तेथे जाड चॅनेल पडत. आता दोन मिलिमीटर पत्रा दुमडून केलेली 'झेड' पर्लिन सर्रास दिसते. ही फसवणूक आहे काय? मुळीच नाही. पण तिचा हिशेब समजून घ्यावा.

१०० मिलिमीटरच्या चॅनेलचे वजन मीटरला नऊ किलोंहून अधिक. २०० मिलिमीटर उंचीची, दोन मिलिमीटर जाडीची झेड पर्लिन सुमारे साडेपाच किलोंची. तरीही वाकण्यास तिचा विरोध हिशेबाने दुपटीहून अधिक, कारण लोखंड मध्यापासून दूर, वर आणि खाली नेलेले असते. सपाट पत्रा हातात लवतो, तोच पन्हाळी केला की ताठ होतो, तसेच हे.

मग आणखी पातळ का करू नये? कारण पातळ पत्रा तुटण्याआधी सुरकुततो. रुंदी तीच ठेवून जाडी निम्मी केली, तर सुरकुती पडण्याचा ताण चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून कडा आत दुमडून 'ओठ' काढतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी १९३९ पासून याचा अभ्यास केला व १९४६ साली तेथे पहिली नियमावली निघाली. आपल्याकडे आय. एस. ८०१ हे मानक १९७५ चे आहे.

दुसरा शत्रू वारा. मानकानुसार वाऱ्याचा मूळ वेग पुण्यास सेकंदाला ३९ मीटर, नागपुरास ४४ मीटर. फरक पाचाचाच दिसतो. पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. चौरस मीटरला पुण्यात सुमारे ९३ किलो, तर नागपुरात ११८. म्हणजे पुण्याचा नकाशा जसाच्या तसा नागपूरच्या रामदासपेठेत गच्चीवरील शेडला वापरला तर सव्वापट भार पडतो. शिवाय उंचीवर वारा अधिक. पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला पाचएक किलो. वारा छप्पर वर ओढतो तेव्हा पर्लिनची खालची कड दाबात येते व ती बाजूला वळते. मधल्या आडव्या सळया याचसाठी असतात. 'त्या कशाला?' म्हणून वाचवू नयेत.

तिसरा शत्रू गंज. अर्धा मिलिमीटर गंजला तर आठ मिलिमीटर जाडीतून सोळावा हिस्सा जातो, दोन मिलिमीटरमधून चौथा. गोठ्यातील मूत्राची वाफ व खत जस्ताचा थर खातात.

तेव्हा फॅब्रिकेटरला किलोचा दर विचारण्याआधी चार गोष्टी विचारा : जाडी किती, जस्ताचा थर किती, वाऱ्याचा कोणता वेग धरला, सळया कुठे. एक बाजू उघडी असलेल्या शेडला वारा आत शिरून छप्पर उचलतो, हेही सांगा. पर्लिनला मनाने भोक पाडू नका.

गोदामाचे छप्पर उडाले तर भिजते ती साखर, आणि साखर म्हणजे आपल्या उसाचे बिल.