हत्यार घडवावे कसे, पारखावे कसे

आय.टी.आय.मध्ये फिटर ट्रेडला प्रवेश मिळालेल्या मुलाला सुरुवातीचे कित्येक दिवस एकच काम असते. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानस मारायची. घरी आल्यावर वडील विचारतात, आज काय शिकलास? मुलगा सांगतो, कानस. दुसऱ्या दिवशीही कानसच. आठवड्याभरात घरच्यांना वाटू लागते की पोराचा वेळ फुकट चालला आहे. आपल्या संस्थेतील पालक सभासद ही तक्रार आमच्याजवळ नेहमी करतात, म्हणून स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय घेतला. आम्ही बँकेतले कारकून, पदवी कला शाखेची. तरी नगरच्या एम.आय.डी.सी.तील फिटर मंडळींत उठबस असल्यामुळे जे उमगले ते येथे मांडत आहोत.

कानस आधी शिकवतात याचे कारण असे की हात सरळ चालू लागला म्हणजे मुलगा स्वतःची हत्यारे स्वतः घडवू शकतो. रेखणी, सेंटर पंच, छिन्नी, गुण्या, लहान हातोडी ही सर्व भंगारातल्या पोलादातून घरच्या घरी तयार होतात. लागते काय? एक व्हाइस, दोन-तीन कानशी, हॅकसॉ, पॉलिश पेपर आणि कोळशाची शेगडी. ज्या घरात संपूर्ण हत्यारपेटी विकत घेण्याची ऐपत नाही, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्या समाजाला तर तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९३८ साली मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. मनमाड म्हणजे आपल्या नगरच्याच रेल्वेमार्गावरचे जंक्शन. त्या परिषदेत बाबासाहेबांनी नेमके हेच दाखवून दिले होते की रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपला माणूस मेकॅनिक किंवा फोरमन म्हणून क्वचितच दिसतो. तो असतो हमाल. हत्यार हाती येऊ न देणे हीदेखील एक बंदीच होती. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि पुढे आय.टी.आय.चे जाळे पसरले, तेव्हा ते दार उघडले. आज त्या दारातून आत गेलेल्या मुलाने कानशीला कंटाळू नये असे आम्हांस वाटते.

आता मालाविषयी. सगळे लोखंड हत्याराच्या उपयोगाचे नसते. बांधकामाची साधी पट्टी किंवा खिडकीचा गज कितीही तापवून पाण्यात बुडवा, तो कडक होणार नाही, कारण त्यात कार्बन फार कमी असतो. झिजलेल्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो आणि ट्रकच्या पाट्याच्या स्प्रिंगमध्ये साधारण अर्धा टक्का. म्हणून भंगारवाल्याकडे याच दोन वस्तू शोधाव्यात. शंका असल्यास तुकडा ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या निघतात. कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. एक मात्र लक्षात ठेवावे, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा कधीही भट्टीत घालू नये. त्याचा धूर विषारी असतो.

जुनी कानस इतकी कडक असते की तिच्यावर दुसरी कानस चालत नाही. ती लाल होईपर्यंत तापवून राखेत पुरावी आणि रात्रभर तशीच राहू द्यावी. सावकाश थंड झालेले पोलाद मऊ पडते. मग हवा तो आकार द्यावा.

गुण्याचे उदाहरण घेऊ, कारण बाकीच्या कामाचा खरेखोटेपणा त्याच्यावर ठरतो. जाड दांड्यात हॅकसॉने खाच पाडायची, तीत पातळ पाते बसवायचे आणि रिव्हेट ठोकायचे. हे काम एका दिवसाचे. पुढचे फिनिशिंग मात्र तीन-चार दिवस खाते आणि खरी विद्या तेथेच आहे. आधी मोठ्या दातांची कानस, मग बारीक, शेवटी कानस दोन्ही हातांनी आडवी धरून ओढायची. कानशीला खडू चोळला म्हणजे दातांत कीस अडकत नाही आणि ओरखडे उठत नाहीत. कडा सरळ झाली का, हे जाड काचेच्या तुकड्यावर पाहता येते. काचेवर प्रशियन ब्ल्यूचा अगदी पातळ हात द्यावा आणि कडा त्यावर हळूच फिरवावी. जेथे निळे डाग लागतील ते उंचवटे, तेवढेच घासावेत. डाग सर्वत्र सारखे दिसू लागेपर्यंत हे चालू ठेवायचे.

कडा सरळ झाली, पण कोन नव्वद अंशांचा आहे हे कशावरून? त्यासाठी दुसऱ्याचा गुण्या मागायला नको. सरळ काठाची फळी घ्यावी, गुण्या काठाला टेकवून एक रेघ ओढावी. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर कोन बरोबर. फाकल्या तर जेवढे अंतर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. म्हणजे ही परीक्षा चूक दुप्पट करून दाखवते!

सपाटीची परीक्षा याहून मजेची आहे. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ती रीत जाहीरपणे मांडली. दोन प्लेटी एकमेकींवर घासून जुळवल्या म्हणजे त्या सपाट झाल्याच असे नाही. एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असली तरीही त्या जुळतात. म्हणून तिसरी प्लेट घ्यायची आणि तिन्ही आलटूनपालटून एकमेकींशी जुळवायच्या. तिन्ही जोड्या जुळल्या तरच तिन्ही सपाट. बँकेत काम करणाऱ्यास हे लगेच पटते. दोन वह्यांचा ताळा बसला तरी दोहोंत एकच चूक असू शकते.

छिन्नी आणि पंच यांना शेवटी पाणी द्यावे लागते. आपल्या जिल्ह्यात रस्त्याकडेला भाता लावून बसणारी घिसाडी मंडळी सर्वांनी पाहिली आहेत. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोडणी कामगारांच्या कोयत्यांना हीच मंडळी पाणी देतात, तेही थर्मामीटरशिवाय, केवळ रंगावरून. त्यामागचे शास्त्र असे. पोलाद लालभडक होऊन लोहचुंबकाला चिकटेनासे झाले, म्हणजे साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की आणखी किंचित तापवून छिन्नीचे फक्त टोक इंचभर पाण्यात बुडवावे. हे काम सावलीत करावे, उन्हात लाल रंग नीट कळत नाही. टोक आता कडक झाले, पण काचेसारखे ठिसूळही झाले. ते लगेच दगडाने घासून चकचकीत करावे आणि पाहत राहावे. मागच्या भागातील उष्णता टोकाकडे सरकते तसे रंग चढत जातात : फिका पिवळा, गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. रेखणीला फिका पिवळा पुरे, तो सुमारे २३० अंशांना येतो. सेंटर पंचाला गडद पिवळा. छिन्नीला जांभळा, सुमारे २८० अंशांचा. हवा तो रंग टोकाशी पोहोचताच संपूर्ण हत्यार बुडवून थंड करायचे. निळ्याच्याही पुढे गेले तर धार मऊ पडते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. रेखणीसारखी बारीक वस्तू पाण्याऐवजी तेलात बुडवावी, पाण्यात ती तडकण्याचा संभव असतो.

छिन्नीचे डोके, म्हणजे जेथे हातोडी बसते तो भाग, मात्र कधीही कडक करू नये. कडक डोक्याची कपची उडते आणि ती डोळ्यातच जाते. मऊ डोके वापराने छत्रीसारखे पसरते. ते वेळोवेळी घासून काढले पाहिजे, कारण त्या पसरलेल्या कडाही तुटून उडतात. कानशीला तर पाणी न उतरवता हातोडीने ठोकूच नये. गॉगल घालण्यात कमीपणा कसला?

तयार हत्यारावर बारीक पॉलिश पेपर तेल लावून फिरवावा आणि कोरड्या फडक्याने पुसून मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. नगर शहराच्या कोरड्या हवेत एवढे पुष्कळ झाले. अकोले तालुक्यात, भंडारदरा-घाटघरच्या बाजूला, पावसाळ्यात चार दिवसांत गंज धरतो. तिकडील विद्यार्थ्यांनी हत्यारे तेलाच्या कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा उघडून पाहावीत.