बावीस मजल्यांचा समुद्र

‘मावशी, इथे पाण्याखाली फारसं काही दिसत नाही. तुझं मालवणच बरं,’ असं भाच्यानं फोनवर दोनदा बजावलं होतं. भाचा बल्गेरियात, वार्ना शहरात डॉक्टरकी शिकतो. त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हा आमच्या ह्यांनी चर्च, संग्रहालयं आणि गुलाबाच्या अत्तराचे कारखाने अशी यादी केली. माझ्या यादीत एकच नाव होतं, काळा समुद्र. तोही वरून बघायचा नव्हता, आतून बघायचा होता.

हे वेड उशिरा लागलेलं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर एका डिसेंबरात तारकर्लीला गेले आणि पर्यटकांना पाच-सहा मीटर खाली नेऊन आणतात तशी डुबकी मारून आले. वर आल्यावर काय झालं कोण जाणे, पुढच्या वर्षी परत जाऊन रीतसर स्कूबा डायव्हिंगचा अभ्यासक्रमच पूर्ण केला. वय वर्षं एकावन्न. वर्गात बाकी सगळी विशी-पंचविशीतली मुलं. ‘काकू, तुम्ही पण?’ हा प्रश्न इतक्यांदा ऐकला की शेवटी उत्तर देणं सोडून दिलं. या परवान्यावर १८ मीटरपर्यंत उतरता येतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानं माझी चांगलीच जिरवली.

काळा समुद्र नकाशात पाहिला तर जमिनीनं वेढलेल्या मोठ्या तळ्यासारखा दिसतो. भोवती बल्गेरिया, रुमानिया, युक्रेन, रशिया, जॉर्जिया आणि तुर्कस्तान. बाहेर पडायला वाट एकच, इस्तंबूलजवळची बॉस्फरसची सामुद्रधुनी, आणि तीही सर्वात चिंचोळ्या जागी एक किलोमीटरसुद्धा रुंद नाही. डॅन्यूब, नीपर, नीस्तर या नद्या वरून गोडं पाणी ओततात. भूमध्य समुद्राचं खारट, जड पाणी बॉस्फरसच्या तळाशी सरपटत आत येतं आणि खाली जाऊन बसतं. ताक बराच वेळ तसंच ठेवलं की वर निवळ येते ना, तसंच. फरक एवढाच, की हे ताक हजारो वर्षांत कोणी घुसळलेलं नाही.

न घुसळल्याचा परिणाम मोठा विलक्षण आहे. वरच्या पाण्यातला प्राणवायू खाली पोचतच नाही. साधारण दीडशे-दोनशे मीटरच्या खाली या समुद्रात मासा नाही, खेकडा नाही, शेवाळ नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तेवढा विरघळलेला, आणि त्यात तगणारे काही जिवाणू. समुद्राची जास्तीत जास्त खोली २,२१२ मीटर. म्हणजे बावीस मजली इमारत समजा. वरचे दीड-दोन मजले तेवढे वस्तीचे, खालचे सगळे कुलूपबंद. आणि माझे १८ मीटर? गच्चीवरून वाकून वरच्या मजल्याच्या खिडकीत डोकावण्याइतके.

बल्गेरियाचा किनारा भाच्याच्या मित्राच्या गाडीतून आम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत गेलो. उत्तरेला त्युलेनोव्हो नावाचं खेडं आहे. तिथे समुद्रानं कडे कोरून कमानी आणि गुहा केल्यात, पाणबुड्यांची ती आवडती जागा. गावाचं नाव सील या प्राण्यावरून पडलेलं. पूर्वी या गुहांमध्ये सील राहत, आता गावात फक्त नाव उरलंय. मी पाण्यात बोट बुडवून चव घेतली. आपल्या अरबी समुद्राच्या निम्माच खारटपणा. ह्यांनी नाक मुरडलं, ‘अगं, चाखतेस काय!’

वार्न्याजवळ समुद्रात एक विमान आहे. पडलेलं नव्हे, मुद्दाम बुडवलेलं. कम्युनिस्ट राजवटीत तीन दशकांहून अधिक काळ सत्ता गाजवणारे तोदोर झिव्हकोव्ह यांच्या वापरातलं टुपोलेव्ह-१५४. माशांना आसरा आणि पाणबुड्यांना आकर्षण म्हणून २०११ मध्ये ते तळाशी सोडलं. सत्तेवरून उतरलेल्यांना पाण्याखाली पाठवायची या समुद्राला सवयच दिसते. क्रायमियात तारखानकुटच्या टोकाजवळ १९९२ पासून लेनिन आणि मंडळींचे पुतळे पाण्यात रांगेनं मांडलेत. क्रायमियाचा रस्ता युद्धानं बंद केला, आणि विमान बावीसेक मीटरवर. माझा परवाना १८ चा! मी भाच्याकडे पाहिलं, भाच्यानं खिडकीबाहेर.

खरी ओढ मात्र सोझोपोलची होती. बुर्गासच्या दक्षिणेला, समुद्रात घुसलेल्या खडकावर वसलेलं लाकडी घरांचं हे गाव. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीस ग्रीकांनी वसवलं तेव्हा त्याचं नाव अपोलोनिया होतं. म्हणजे अडीच हजारांहून अधिक वर्षं इथे गलबतं येताहेत, आणि बुडताहेतही. गावाजवळच मोपांग नावाची अमेरिकन मालवाहू बोट तीसेक मीटरवर पडून आहे. पहिलं महायुद्ध संपून अडीच वर्षं उलटल्यावर, १९२१ मध्ये, ती सुरुंगावर आदळली. तह झाले, पण सुरुंगाला कोणी कळवलं नव्हतं. ती बोट मला पाहायची होती. त्यासाठीच तर बॅगेत स्वतःचा चष्म्याचा नंबर असलेला पाणमुखवटा घेऊन आले होते.

आमचा प्रशिक्षक साठीचा, पांढऱ्या दाढीचा. त्यानं माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि मान वरून खाली हलवली. मी खूश! भाचा हळूच म्हणाला, ‘मावशी, तो नाही म्हणतोय.’ बल्गेरियात होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला उभी, हे पुस्तकात वाचलं होतं. पण तोंडावर नकार येईस्तोवर ते अंगवळणी पडत नाही. मी विनवलं, मालवणातल्या डुबक्यांची वही दाखवली. तो म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या गरम समुद्रातले १८ मीटर वेगळे.’ मला राग आला. मनात म्हटलं, बँकेत पंचवीस वर्षं हेच ऐकलं, अमुक फॉर्म नाही तर तमुक होणार नाही. फरक इतकाच की तेव्हा खिडकीच्या आत मी असायची.

दुसऱ्या दिवशी तो मला स्वेती इव्हान बेटाच्या कडेला घेऊन गेला. मालवणात अंगावर पातळ सूट असतो, इथे सात मिलीमीटर जाडीचा. त्यामुळे माणूस बुचासारखा तरंगतो आणि कमरेला शिशाची वजनं जास्त बांधावी लागतात. बोटीच्या काठावर बसले तेव्हा मी सिमेंटच्या पोत्यासारखी दिसत असणार. ह्यांनी फोटो काढला. तो कोणाला दाखवायचा नाही असा तह झालाय.

पाणी हिरवट, पाच-सात मीटर पलीकडचं धूसर. मालवणच्या रंगीत पोवळ्यांची सवय झालेल्या डोळ्यांना आधी सगळं फिकं वाटलं. मग सावकाश एकेक उलगडायला लागलं. खडकांवर काळ्या शिंपल्यांचे घोस, कपारीत काटेरी, चिडक्या तोंडाचा एक मासा, आणि समुद्रगवताच्या पात्याला शेपटी गुंडाळून झुलणारा बोटभर समुद्रघोडा. एके ठिकाणी मातीच्या भांड्याचा कान असावा असा तुकडा दिसला. हात आपोआप पुढे गेला, तर प्रशिक्षकानं बोट हलवून दटावलं. इथे पाण्याखालचा पुरातन वस्तूंचा ठेवा सरकारचा असतो, खापरसुद्धा उचलायचं नाही.

आणि मग चौदा मीटरवर कोणीतरी अंगावर बर्फाचं पाणी ओतावं तसं झालं. उन्हाळ्यात वरचं पाणी पंचवीस अंशांपर्यंत तापतं, पण त्याखाली एकदम थंडगार थर सुरू होतो. मधे पायरी नाही. माझा श्वास चढला. शांत राहायचं हे शिकवलेलं असतं, पण शिकवलेलं आठवायलाही श्वास लागतो. हवेचा काटा बघता बघता खाली आला. प्रशिक्षकानं माझा दंड धरला, डोळ्यांत पाहिलं आणि अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ शाबास असा नसतो, वर चला असा असतो. तीस मीटरवरच्या मोपांगपाशी माझं हे झालं असतं तर? बोटीत चहा पिताना दात वाजत होते तेव्हा हा विचार आला, आणि कालचा राग निमूटपणे गिळला.

रात्री जेवायला त्यानं रापाना मागवला. हा तळहाताएवढा समुद्री गोगलगायीचा प्रकार, चवीला चिवट पण बरा. तो मूळचा जपान-चीनकडचा. १९४० च्या दशकात तो इथे प्रथम आढळला, बहुधा जहाजांबरोबर आलेला. या कमी खारट पाण्यात त्याला खाणारे तारामासे नाहीत. त्यानं शिंपले आणि कालवं यांचा फडशा पाडला. आमचा प्रशिक्षक तरुणपणी रापाना गोळा करायला दिवसातून अनेकदा बुडत असे, घाईनं वर येण्यानं त्याचा खांदा कायमचा दुखावलाय. मांस निर्यात होतं ते पुन्हा पूर्वेकडेच, आणि शंख रंगवून सोझोपोलच्या टपऱ्यांवर विकतात. दुसरा पाहुणा याहून वाईट निघाला. १९८० च्या दशकात जहाजांच्या तोलासाठी भरलेल्या पाण्यातून अमेरिकेकडचा एक जेलीसारखा जीव आला. त्यानं माशांची अंडी आणि पिल्लांचं खाद्य दोन्ही फस्त केलं. अतिमासेमारीनं आधीच जेरीस आलेली अँचोव्हीची मासेमारी त्या दशकाच्या अखेरीस कोसळली. १९९७ मध्ये त्याला खाणारा दुसरा जेलीसारखा जीव येऊन पोचला, तेव्हा जरा सावरलं. वस्तीचे मजले मुळात दोन, त्यात असे बिनभाड्याचे भाडेकरू!

खालचे कुलूपबंद मजले मात्र जसेच्या तसे आहेत. लाकूड पोखरणारा समुद्री किडा काय उच्छाद मांडतो, हे कोकणातल्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा. तो किडा प्राणवायूशिवाय जगत नाही. म्हणून या समुद्राच्या तळाशी लाकडी जहाजं शाबूत राहतात. साउदॅम्प्टन विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन ॲडम्स यांच्या चमूनं बल्गेरियाच्या समुद्रात यंत्रं सोडून साठाहून अधिक बुडालेली जहाजं शोधली. त्यातलं एक, २०१८ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचं ग्रीक व्यापारी जहाज. लांबी २३ मीटर, खोली दोन किलोमीटरहून जास्त. डोलकाठी उभी, सुकाणू जागेवर, वल्हेकऱ्यांची बाकंसुद्धा तशीच. प्रशिक्षकानं फोनवर त्याचं चित्र दाखवलं. आयुष्यभर या समुद्रात बुडणारा तो माणूस, पण त्यालाही ते चित्रातच पाहावं लागतं. तिथे १८ चा परवाना काय आणि ४० चा काय!

शेवटच्या दिवशी मी मोपांगवर जाणाऱ्या बोटीत हट्टानं बसले. उतरायचं नाही, नुसतं वर थांबायचं, या अटीवर. निघण्याआधी प्रशिक्षक बराच वेळ दुर्बिणीतून पाणी न्याहाळत होता. युक्रेनचं युद्ध २०२२ मध्ये भडकल्यापासून सुटे सुरुंग वाहत या किनाऱ्यांकडे आलेत. ते शोधून निकामी करायला तुर्कस्तान, रुमानिया आणि बल्गेरिया यांनी २०२४ च्या जानेवारीत करार केला. सुरुंगावर आदळलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या बोटीकडे निघालेलो आम्ही, आणि डोळे नव्या सुरुंगांच्या शोधात. ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता. एरवी चारचौघांत ते असं करत नाहीत.

चौघेजण पाठीमागे उलटे झाले आणि दिसेनासे झाले. पाण्यावर बुडबुड्यांचे चार झरे उरले. हळूहळू ते एका जागी आले, तेव्हा खाली ते बोटीपाशी पोचले असावेत असं मी ठरवलं. मी घड्याळ लावून बसले. अर्ध्या तासानं प्रशिक्षकाची पांढरी दाढी वर आली. ‘पाणी स्वच्छ होतं का?’ मी ओरडून विचारलं. त्यानं मान जोरजोरात आडवी हलवली, आणि या वेळी मला भाच्याकडे बघावं लागलं नाही.